फ्लेक्सवरची गाय

फ्लेक्सवरची गाय आमची नव्हती. ती होती तपकिरी, लांब कानांची, पाठीवर मोठं वशिंड असलेली गीर गाय, आणि तिच्यामागे धुक्यातले हिरवे डोंगर होते. आमच्या शिरोळ भागात उसापेक्षा उंच काही दिसत नाही. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'चंद्री. एका गाईपासून उभं राहिलेलं स्वप्न.' आणि स्वप्नाशेजारी गॉगल लावून, हातांची घडी घालून माझा धाकटा भाऊ अभिनंदन उभा होता. फ्लेक्सवरही आणि फ्लेक्सखालीही.

"कसा झालाय, अक्का?" त्यानं विचारलं.

मी गोठ्याच्या फाटकाशी स्कूटी लावत होते. नुकतं उजाडत होतं.

"चंद्री काळी-पांढरी हुती की रं," मी म्हणाले. "कपाळावर चंद्रकोर हुती म्हणून तर नाव पडलं. तिला वशिंड कुठनं आलं?"

"अगं, लोकांना आता देशी गाय आवडते. संकरित गाय बघून कुणाचं मन भरून येत नाही."

"आणि डोंगर?"

"ते बॅकग्राउंड आहे."

पुण्यात राहून तो असा झाला की मुळातच असा होता, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. पुण्यात त्यानं आधी मोबाइलची कव्हरं विकली, मग जिम काढली, मग जिम बंद करून लोकांना आयुष्य कसं जगावं ते शिकवायचे वर्ग काढले. तेही बंद पडले तेव्हा त्याला एकदम गावाची, मातीची आणि गाईची आठवण झाली. गाईची आठवण झालेला माणूस आधी गोठ्यात जातो. हा थेट आबांच्या कॉटवर बसला आणि त्यानं लॅपटॉप उघडला.

आबा म्हणजे आमचे वडील, भूपाल मगदूम. अभिनंदन परतायच्या नऊ वर्षं आधी ते गोठ्यात घसरले आणि खुब्याचं हाड मोडून बसले. अभिनंदनला फोन केला तर त्याच्या जिमचं उद्घाटन होतं. मग मला बोलावणं आलं. माझा नवरा अजित एसटीत कंडक्टर. त्यानं कुरुंदवाड डेपोला बदली मागून घेतली आणि आम्ही तिथं भाड्यानं राहायला आलो. "राजू, दोन महिने बघ तेवढं," आबा म्हणाले होते. त्या दोन महिन्यांची नऊ वर्षं झाली. मी रोज पहाटे यायची, दोन्ही वेळच्या धारा, वैरण, पेंड, डॉक्टर, कोण माजावर आली, कोण व्यायला झाली, सगळं बघून दिवेलागणीनंतर परत जायची. आबांचं हाड केव्हाच जुळलं. पण गोठ्यात पाय घालायचा विचार त्यांनी पुन्हा केला नाही. ते फाटकाजवळ खुर्ची टाकून बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला आपण गोठा कसा वाढवला ते सांगायचे. आत मी शेण ओढत असायची आणि बाहेर ते गोठा वाढवत असायचे.

सांगणं हाच आबांचा खरा धंदा. बारसं असो, देवळातलं पंचकल्याणक असो नाहीतर सोसायटीची सभा असो, माइक दिसला की त्यांचा हात आपोआप पुढं जायचा. माझ्या लग्नात तर त्यांनी बँडवाल्याचा माइक ओढून घेतला होता आणि लेकीला आंदण काय काय दिलं ते सगळ्या मांडवाला ऐकवलं होतं. तांब्याचा हंडा, लोखंडी कपाट, शिलाईचं मशीन, कालवड, भिंतीवरचं घड्याळ. घड्याळ ठोके देणारं होतं म्हणून ते वाजवून दाखवलं आणि त्याला टाळ्या पडल्या. मी मुंडावळ्या बांधून मान खाली घालून उभी होते. तेव्हाही मला लाजच वाटली होती.

तर अभिनंदनचा लॅपटॉप. त्यात एक 'प्रकल्प' होता. पुण्याचे कुणी रणदिवे साहेब म्हणून होते, ते इमारत, यंत्रं आणि दूध थंड करायची टाकी घालणार. आबांनी जमीन द्यायची. अभिनंदननं गाई द्यायच्या, आणि तोच कारभारी व्हायचा. गाई म्हणजे त्याचा वाटा. त्यातल्या एकीचंही नाव त्याला ठाऊक नव्हतं, पण 'आपल्या गाई' म्हणायला त्याला एका आठवड्याच्या आत जमू लागलं.

हे सगळं कॉटवर ठरलं तेव्हा आबांची थोरली बहीण चंपाआत्या तिथं बसलेली होती. गावाच्या दुसऱ्या टोकाला ती एकटीच राहायची. नवरा गेल्यापासून तिचा गोठा रिकामाच होता. तिनं विचारलं, "आणि राजूचं काय?"

"अक्कानं खूप केलं," अभिनंदन म्हणाला. "आता तिला आराम."

"आराम म्हंजे?"

"म्हंजे येऊ नको उद्यापास्नं, असं न्हवं," आबा घाईनं म्हणाले. "सावकाश बंद कर. आणि तिला एक गाय देऊ की. चांगली दुभती बघून देऊ."

"शिवाय माहितीपत्रकावर तिचा फोटो घेणार आहे मी," अभिनंदन म्हणाला. "महिला सक्षमीकरण."

मी दारात उभी राहून हे ऐकलं आणि वैरण टाकायला गेले. मला वाटलं, उद्या-परवा आबाच म्हणतील, गाई राजूनं सांभाळल्यात, तिला विचारा. लेक कितीही तिखट असली तरी बापाच्या बाबतीत एवढा खुळेपणा तिच्यात उरतोच. त्या गोठ्याशिवाय मला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही करायचंही नव्हतं. हे आबांना माहीत असेल, असं मी धरूनच चालले होते.

आणि फ्लेक्स लागला त्याच दिवशी रणदिवे साहेब गोठा बघायला येणार होते. फाटकापुढं मांडव घातला होता. लाल गालिचा अंथरला होता, तो शेणातून आलेल्या चपलांनी आधीच डागाळला होता. मी त्यातलं काही न बघता धारेच्या मशीनच्या खोलीकडं गेले. खोलीला कुलूप.

"दादू!" मी गड्याला हाक मारली. "किल्ली कुठं हाय?"

दादू चोरट्या नजरेनं अभिनंदनकडं बघू लागला.

"किल्ली माझ्याकडं आहे," अभिनंदन म्हणाला. "आज सकाळची धार काढायची नाही."

"का?"

"अकराला पाहुणे येतायत. गाई भरलेल्या दिसल्या पाहिजेत. पहिलं इम्प्रेशन असतं, अक्का."

मला क्षणभर ऐकलेलंच खरं वाटेना. बाजारात गाय विकायला नेताना हेडे, म्हणजे जनावरांचे दलाल, हाच डाव करतात. एक-दोन वेळची धार काढत नाहीत, कास तुंबवतात, म्हणजे ती टम्म दिसते आणि घेणारा भुलतो. गाईला मरणाच्या वेदना होतात. दूध आत साकळून राहिलं की दगडी होते, कास खरोखर दगडासारखी कडक पडते, ताप भरतो, कधी कधी सड कायमचा जातो. आणि आमच्या गाई भरपूर दुधाच्या. आदल्या संध्याकाळच्या धारेनंतर त्यांच्या कासा आताच ताणलेल्या होत्या.

"तुला कळतंय का तू काय कराय लागलायस?" मी म्हणाले. "हे हेड्याचं काम हाय."

"दोन-चार तासांनी काही होत नाही. मी गुगल केलंय."

मी त्याच्याशी बोलणं सोडलं आणि आबांकडं गेले. ते नवा फेटा बांधून घेत होते.

मी सात-आठ वर्षांची असताना आबांनी मला एकदा जनावरांच्या बाजारात नेलं होतं. एक हेडी अशीच कास तुंबवलेली गाय गिऱ्हाइकाला दाखवत होता. आबांनी त्याची मानगूट धरली आणि भर बाजारात त्याला खाली बसवून गाईची धार काढायला लावली. "मुक्या जनावराला छळून मानसाला फशिवतोस व्हय रं?" असं ते ओरडले होते. माणसं जमली होती. त्या दिवशी मला आबा केवढे मोठे वाटले होते! पुढं कित्येक वर्षं आबा म्हटलं की मला तीच गोष्ट आठवायची.

"आबा, हा धार काढू दीना," मी म्हणाले. "किल्ली घिऊन बसलाय. तुमी सांगा त्याला."

आबांनी आरशातून माझ्याकडं बघितलं.

"मला ठावं हाय," ते म्हणाले. "आजच्या दिस ऱ्हाऊ दे. एका दिसानं काय हुतंय?"

"तुमी हे म्हणताय?"

"त्याचं चांगलं हुयाय लागलंय, राजू. तू मदी येऊ नगंस."

मी बाहेर आले. रागापेक्षा मला किळसच जास्त आली. अभिनंदनचं काय, त्याला कास आणि फुगा यातला फरक कळत नव्हता. आबांना सगळं कळत होतं. बाजारातल्या त्या हेड्यानं निदान पोटासाठी केलं होतं. हे कशासाठी करत होते? पुण्याचा कुणी साहेब 'वा' म्हणावा म्हणून. तरी आबांचा शब्द मोडून हातानं धार काढायला बसायचं धाडस मला तेव्हा झालं नाही.

अकरा वाजले, साहेब आले नाहीत. बारा वाजले. गावातली माणसं मांडवात बसून कंटाळली, त्यांना चहा द्यायची वेळ आली. तेव्हा लक्षात आलं की घरात दूध नाही. मग अभिनंदननं मोटारसायकलवरून माणूस पाठवून दुकानातून पिशवीचं दूध आणवलं. गोठ्यात तीसएक गाई दुधानं फुटायला आलेल्या आणि मांडवात चहा पिशवीच्या दुधाचा. मी तो चहा घेतला नाही. बाकी सगळ्यांनी घेतला आणि चांगला झालाय म्हणून सांगितलं.

गाई ओरडायला लागल्या होत्या. एरवी धारेची वेळ टळली तर एखादी हंबरते. हे हंबरणं नव्हतं. एक ओरडायची, दुसरी तिला साथ द्यायची, मग सगळा गोठा. चंद्रीची नात शेवंती दावणीला पाय पसरून उभी होती. तिला पाय जवळ घेता येत नव्हते. चारी सडांतून दूध आपोआप ठिबकत होतं आणि खाली शेणात पांढरं थारोळं साचलं होतं. मी कासेला हात लावला तर तिनं अंग आखडून घेतलं. मागच्या बाजूचा एक सड गरम लागला.

तेवढ्यात बाहेर गाड्या आल्या, हलगी वाजली. अभिनंदन पळत गोठ्यात आला.

"अक्का, चल. आरतीचं ताट तुला धरायचंय."

"किल्ली दे."

"अगं, साहेब आलेत! अर्ध्या तासाचा प्रश्न आहे. साडी नीट कर आधी."

"किल्ली दे, अभिनंदन."

"हे बघ, सीन करू नकोस. तुझ्यासाठीच करतोय हे सगळं."

हे मात्र मला नवीन होतं. तो गेला. ताट मग कुणाच्या तरी सुनेच्या हातात दिलं. मी दादूला म्हणाले, "बारड्या आण." दादूनं एकदा मांडवाकडं बघितलं आणि बादल्या आणल्या. मी शेवंतीखाली बसले. तासभर हाताला आणि गुडघ्याला दुसरं काही कळलं नाही. आधी ती लाथा झाडत होती, मग हळूहळू तिनं अंग सैल सोडलं आणि मान वळवून माझी पाठ चाटायला लागली. मागच्या सडातून आधी पिवळसर गाठी आल्या. त्या बघून मला रडू आलं. मी ते आवरलं नाही.

साहेबांना गोठा बाहेरूनच दाखवण्यात आला. रणदिवे साहेब माणूस वाईट नसावा. त्यांनी नाकाला रुमाल लावला नाही. "गाई का ओरडतायत?" एवढं त्यांनी विचारलं.

"तुमचं स्वागत करतायत, सर," अभिनंदन म्हणाला.

मी खाली बसून हे ऐकलं. असल्या माणसाबरोबर मी एका आईचं दूध प्यायले, याचं मला पहिल्यांदाच वाईट वाटलं.

मग भाषणं. गोठ्याची एक बाजू मांडवाला लागूनच, त्यामुळं मला सगळं ऐकू येत होतं. पडद्यावर अभिनंदननं गाईंची वंशावळ दाखवली. वर चंद्री, म्हणजे ती गीर गाय, आणि खाली फांद्यांसारख्या सगळ्या गाई. नावं त्यानं दादूकडून घेतली होती. "सर, आमच्या गोठ्याचं वेगळेपण हेच. एकही गाय बाहेरची नाही. बाजारातून आणलेल्या गाई इथं टिकल्याच नाहीत. आज दावणीला उभी असलेली प्रत्येक गाय एका चंद्रीची लेक, नात नाहीतर पणती आहे. एकच रक्त!"

टाळ्या झाल्या. त्यातली एकूण एक गोष्ट खरी होती. त्या दिवशी तो तेवढंच खरं बोलला.

मग आबांनी माइक घेतला. माइक ते घेणारच होते.

"एक कालवड हुती माझ्या दावणीला," आबा म्हणाले. "येवढीशी. तिच्यावर म्या हा पसारा उभा केला. पाऊस बघितला न्हाई, ऊन बघितलं न्हाई."

रणदिवे साहेबांनी विचारलं, "आबा, ही पहिली कालवड तुम्ही कुठून आणली?"

आबांनी फेटा सारखा केला. माइकमधून त्यांचा श्वास ऐकू आला.

"दैवानं दिली म्हना की," ते म्हणाले.

मी शेवंतीखालून उठले. बादली हातात तशीच होती. साडीला शेण, हातांना दूध. गालिच्यावरून चालत मी मांडवाच्या मध्यभागी जाऊन उभी राहिले. बादली खाली ठेवली.

"आबा, दैवाचं नाव सांगा की पावण्यांस्नी," मी म्हणाले.

"राजू, आत जा," आबा म्हणाले. माइक तोंडापुढंच होता, त्यामुळं तेही सगळ्यांना ऐकू गेलं.

"जाते. येकच सांगा. चंद्री कुनाची?"

पुढच्या रांगेत चंपाआत्या बसली होती. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि भावाकडं बघत राहिली. आबांनी मांडवावरून नजर फिरवली. मी जाणून होते ते काय बघतायत ते. त्यातली अर्धी माणसं माझ्या लग्नात जेवली होती. हंडा, कपाट, शिलाईचं मशीन, कालवड, घड्याळ. सगळ्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, आणि तेही माइकवरून. लग्न झालं तेव्हा आम्ही मिरजेत एका खोलीत राहायचो. कालवड कुठं बांधणार? तेव्हा आबाच म्हणाले होते, "ऱ्हाऊ दे हितंच. तुजी हाय, कवाबी ने." ती कालवड म्हणजे चंद्री. आंदणाची गाय लेकीची, आणि तिच्या पोटचं सगळं लेकीचं. आमच्याकडं लहान पोरालाही हे ठाऊक असतं. आंदणाच्या जनावराला भाऊ हात लावत नाही, आणि लावला तर त्याच्या घरचं पाणी कुणी पीत नाही.

नऊ वर्षं मी त्याचा उच्चार केला नव्हता. बापाच्या दारात उभं राहून 'माझं' म्हणायची वेळ येईल असं मला वाटलंच नव्हतं.

"आबा, कुनाची?"

"राजूची," आबा म्हणाले.

लाउडस्पीकर फाटकावर, मोठ्या आवाजात लावलेला होता. तो शब्द उसापर्यंत गेला. आबा ते खरेपणानं बोलले असं कुणी समजू नये. मांडव रिकामा असता तर ते खुशाल 'माझी' म्हणाले असते. लोकांपुढं खोटं पडायची त्यांना भीती वाटली, एवढंच.

"म्हणजे काय?" रणदिवे साहेबांनी विचारलं.

"म्हंजे आंदणाची," चंपाआत्या उठून म्हणाली. "लग्नात दिल्याली. तिची, आणि तिच्या वंशाची समदी हिची. आत्ताच न्हवं का ह्या पोरानं पडद्यावर दाखिवलं? येकबी भायेरची न्हाई म्हनून!"

अभिनंदनचा चेहरा मी आजही विसरलेले नाही. तो वळून पडद्याकडं बघू लागला, जणू एखादी तरी फांदी दुसऱ्या झाडाची निघेल.

"हे असलं जुनं कुठं चालतं का?" तो म्हणाला. "वीस वर्षं चारा कुणी घातला? आमच्या शेतातला चारा!"

"आणि वीस वरसं दूध कुनी खाल्लं?" मी विचारलं. "चारा तुमचा, दूध तुमचं, शेण तुमचं. गाय माजी."

मागून कुणीतरी म्हणालं, "दुसऱ्याची गाय राखली तर निम्मा वाटा राखणाऱ्याचा असतोय. अर्धेलीची रीत हाय." बोलणारे आबांचे जुने दोस्त होते, आणि आबांनी त्यांच्याकडं आशेनं बघितलं.

"हाय की रीत," आत्या म्हणाली. "पर राखली कुनी? ह्या फेट्यानं?"

मांडवात हसू फुटलं. आबांनी माइक खाली ठेवला. माइक आपण होऊन खाली ठेवलेले आबा मी तेव्हा पहिल्यांदा बघितले.

रणदिवे साहेबांनी आपल्या माणसाला काहीतरी हळूच सांगितलं. मग अभिनंदनला विचारलं, "गाई तुमच्या नाहीत. जमीन वडिलांची आहे. मग या प्रकल्पात तुमच्या बाजूनं नक्की काय आहे?"

"व्हिजन आहे, सर," अभिनंदन म्हणाला.

साहेब उठले. जाताना ते माझ्यापाशी थांबले, बादलीत बघितलं आणि म्हणाले, "आता कळलं त्या का ओरडत होत्या." चहा मात्र त्यांनी घेतला नाही, म्हणजे त्यांना पिशवीचं दूधही ओळखता येत असणार.

अभिनंदननं किल्ली टेबलावर टाकली. मी आणि दादूनं मशीन लावून सगळ्या गाई मोकळ्या केल्या. तोवर डेपोतून अजित आला. त्यानं फाटकाजवळचा फ्लेक्स बराच वेळ वाचला आणि दावी सोडायला लागला. आत्यानं आपल्या गोठ्याचा अडसर काढून ठेवायला आधीच माणूस पाठवला होता.

याला आता दहा वर्षं होऊन गेली. शेवंतीचा तो मागचा सड कायमचा गेला. राहिलेल्या तीन सडांवर तिनं पुढं चार वेतं दूध दिलं. आत्या गेली, आणि तिचा गोठा आता राजूचा गोठा म्हणूनच ओळखतात. पुढं त्याचं काय करायचं हे माझ्या लेकीशी, लेकाशी बोलून ठरतं. बोलायचं ते दावणीपाशी उभं राहून, असा माझा नियम आहे. कॉटवर बसून ठरवलेलं मला आता पटत नाही. अभिनंदन पुण्याला परत गेला. हल्ली तो लोकांना गावाकडं कसं परतावं ते शिकवतो.

पण त्या संध्याकाळचं एक सांगायचं राहिलं. गाई फाटकातून एकेक बाहेर पडत होत्या. मांडवाचे बांबू निघाले होते, गालिचा गुंडाळून पडला होता. शेवंती सगळ्यांत शेवटी, लंगडत. आबा खुर्चीवरून उठून आले. फेटा त्यांनी काढला होता. त्याशिवाय ते एकदम म्हातारे दिसत होते.

"समद्या नेतीस?" त्यांनी विचारलं.

"समद्या माज्या हाईत."

"व्हय, पर..." ते शेवंतीच्या पाठीवर हात ठेवायला गेले. ती बाजूला सरली. "एक तरी ठेव, राजू. शेतकऱ्याच्या दारात गाय पायजे."

सकाळी त्यांनी आरशातून माझ्याकडं बघितलं नसतं, सरळ वळून बघितलं असतं, तर मी कदाचित ठेवलीही असती. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. गाईसाठी होतं की गावात काय तोंड दाखवायचं यासाठी होतं, हे मी बघत बसले नाही. मी वर फ्लेक्सकडं बोट दाखवलं.

"ती हाय की," मी म्हणाले. "तिची धारबी काढाय लागत न्हाई."